अडीच फुटी

लिलावात मी शेवटचं इंजिन पाहिलं, नाशिकरोडला.
पाहिलं म्हणजे तांब्यापुरतं.
लोखंडावर आधीच कुणाची तरी बोली होती,
आम्हा तांबटांना त्यात काय.

कागदावर नंबर सहा.
गेज अडीच फूट, पाळण्याच्या रुंदीचा रूळ.
एका जातीची सात, धरणाच्या दगडमातीसाठी मागवलेली,
पेट्यांतून, गवतात गुंडाळून,
काचेची बरणी पाठवावी तशी.

लिलावाला फिलिप साळवे आला होता, शरणपूरचा,
तीस वर्षांचा फिटर. काही घ्यायला नव्हता आला.
विडी न पेटवता बोलत राहिला :

"एक नंबर खडीसकट नाल्यात गेलं.
त्याचा पिस्टन काढून तिनाला घातला.
तिनाचा बॉयलर फुटला नाही, थकला नुसता.
चाकं पाचाला.
पाच मुकं होतं, वाफ भरपूर, शिट्टी फुसकी.
दोन उताराचं लाडकं, चढावर रुसायचं,
इनूस फायरमन त्याला शिव्या द्यायचा आणि मग माफी मागायचा.
त्याची शिट्टी चाराला दिली,
चार गेल्यावर सहाला.
आता सहा म्हणजे काय, सांगा.
नंबराची पाटी तेवढी त्याची."

"आणि सात?"

"सात आलंच नाही.
पेटी उघडली तर गवतच.
पण रजिस्टरात होतं ना,
म्हणून त्याच्या दिव्याचं तेल दर महिन्याला मंजूर.
सात नंबरच्या उजेडात
माझ्या दोन्ही पोरी फायनल पास झाल्या."

भट्टीची पेटी मी गाडीवर घातली.
अर्धा इंच जाड पत्रा, आतून काळा, कडेनं लालबुंद.
कोपऱ्यात छिन्नीनं मारलेला दोन,
त्यावर फुली. मग चार, त्यावर फुली.
मग सहा.
तेवढा तुकडा कापून ठेवायचा, असं मनात होतं.
मुशीत गेला. राहून गेलं.

तांबट आळीत महिनाभर ठोकत होतो.
इंजिनाचं तांबं हट्टी, मठाराला पटकन दाद देत नाही,
हातोडीचा आवाजही जरा घोगरा.
बंब झाले एकवीस, उरल्यात दोन घंगाळं.
मधोमध निखारा, भोवती पाणी,
मांडणी तीच.
फक्त जागचं हलायचं नाही.

दिवाळीच्या आधी फिलिप आला.
दुकानात पाच बंब मांडलेले.
एकेकाला बोटाच्या पेरानं टिचकी मारी, कान लावी,
पुढच्याकडे जाई.
गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली.
चौथ्याशी थबकला.
"हा दोन नंबर," म्हणाला,
"लवकर तापायचा नाही. रुसेल."

मी म्हटलं, मग दुसरा बघा,
हे सगळे सारख्याच भावाचे.

तोच उचलून नेला.