नाशिकला समुद्र नाही

नाशिकला समुद्र नाही,
हे मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतंच.
अंबडच्या शेडबाहेरचा चहावाला,
बँकेतले कर्जाचे साहेब,
सासूबाईंची मैत्रीण : अगं, मग बोटी कुणासाठी?
धरणाच्या फुगवट्यासाठी, मी म्हणते.
पाणी भरलं की पलीकडचा पाडा
हाकेला समोर,
टायरला एकतीस किलोमीटर.

शेडच्या अर्ध्या भागात कांदाचाळीचे पाइप वेल्ड होतात,
उरलेल्या अर्ध्यात माझी फेरीबोट,
लांबी दोन मीटर, प्रमाण एकास बारा.
रंग नाही, नाव नाही,
दोन्ही टोकं सारखी,
म्हणजे काठाला लागल्यावर वळण्यात वीज जायला नको,
गाडी जशी चढली तशीच पुढे उतरेल.
वेल्डर शकूर तिच्याभोवती फिरून म्हणाला,
बिचारीला पुढे-मागे कुणीच नाही.

मग वजनं.
पाच गाड्या, द्राक्षांचा टेम्पो, एक ट्रॅक्टर,
चाळीस माणसं, त्यांतल्या काही कडेवर मूल घेतलेल्या,
एखादी शेळी, जी कुठल्याच तक्त्यात बसत नाही,
आणि बॅटरी.
डिझेल निदान जळता जळता हलकं होतं.
वीज संपते,
बॅटरी मात्र जड ती जडच,
रुसून बसलेल्या जावयासारखी.
रात्री तीनला उठून मी पत्रा एक मिलीमीटरने पातळ करते,
सकाळी भिऊन
अर्धा परत देते.

एक ओळ डोक्यातून जात नाही :
गाडी तेराशे किलो,
आतला माणूस सत्तर.
म्हणून गाड्यांची एक रांग खोडली,
तिथे बाकं काढली, वर सोलरचं छप्पर, खाली सावली.
पैसे देणाऱ्यांनी विचारलं आहे,
बाकांचं उत्पन्न किती?
ते पत्र अजून
फळीवर, चहाच्या कपाखाली.

चाचणीला मोठा हौद लागतो, तो आमच्याकडे नाही.
आमच्याकडे रविवार आहे, फुगवटा आहे,
आणि पुंजा बेंडकोळी,
जो आपल्या होडीला दोर बांधून माझी बोट ओढतो
आणि वेग विचारला तर सांगतो : बिडीभर.
पहिल्या दिवशी तो म्हणाला,
ती पल्याडची इस्पीडबोट गेली का
काठ ढासळतो, पाणकोंबडीचं घरटं उलटं होतं.
तुही काय करते, बघू.
त्याने काठाच्या गवताशी पळसाचं एक वाळकं पान सोडलं.
एवढंच आमचं यंत्र.

पहिल्या रविवारी पान उलटलं.
दुसऱ्या रविवारीही,
मधल्या सहा रात्री मी नाळेवर कानस चालवली होती तरी.
पुंजाने पान सरळ करून पुन्हा ठेवलं, बोलला काही नाही.
मी दोन्ही टोकं चिरली, अरुंद केली,
पोट थोडं वर उचललं,
एक गाडी आणखी कमी केली
आणि ते कुणालाच कळवलं नाही.

पाचव्या रविवारी बोट गेली
आणि पान नुसतं श्वास घेतल्यासारखं हललं.
मागे एक रेघ उमटली,
बारीक,
मी मोजायला लागेपर्यंत मिटली.
शाळेत बाई म्हणायच्या,
शब्द असावा काळ्या दगडावरची रेघ.
आणि मी इथे, चिखलात गुडघाभर,
पाण्यावरची रेघ पुसली गेली म्हणून
नाचायचीच बाकी.

पुंजा दोर गुंडाळत होता.
त्याच्या होडीत माणशी दहा रुपये,
सायकल पाच,
बाळंतिणीला फुकट.
रेघ गेली तुही, तो म्हणाला, हसतच.
मंग आता मी?

फेरी चालवायला परवाना लागतो,
परवान्याला दहावी.
पुंजा चौथी,
तीही पाण्याखाली गेलेल्या शाळेत.
हे मी त्याला सांगितलं नाही.

शेडवर येऊन वजनांचा तक्ता उघडला.
शेळीच्या खाली एक ओळ वाढवली :
पुंजा बेंडकोळी, बावन्न किलो.
पुढचा रकाना विचारतो, जागा कुठे?
शकूरने दिवे मालवले, शटर अर्धं ओढलं.
मी पेन हातात धरून
अजून तिथेच.