पान एकशे बारा

गेल्या हंगामापासून कालिंदी दारात उभी आहे.
एक हात कडीला, दुसऱ्या हातात पिशवी.
पिशवीत काय आहे, मलाही ठाऊक नाही.
आत भाऊ आहे, चौदा वर्षांचा अबोला आहे,
आणि माझं पेन नेमकं उंबऱ्यावर अडलंय.

पहाटे साडेतीनला कोपरखैरण्यात
आमच्या गल्लीत एकट्या माझ्या ओट्यावरची ट्यूब जळते.
चहा उतू जातो.
वाक्य जात नाही.
शेजारच्या पमावहिनी विचारतात,
"परीक्षा आहे का हो कुणाची?"
मी म्हणते, हो.

पाचला फळबाजार.
पेट्या मोजायच्या, गवताचा कचरा पदरावरून झटकायचा,
देवगडच्या इतक्या, राजापूरच्या इतक्या,
डागी बाजूला.
ही बेरीज पहिल्या फटक्यात जुळते.
पावतीच्या पाठीमागे लिहिलेला अर्धा प्रसंग
परवा एक गिऱ्हाईक घेऊन गेलं;
भिवंडीत कुठल्याशा फ्रिजवर
कालिंदीचं बालपण आंब्याखाली दबून असेल.

मागच्या रविवारी ठाण्यात हेमांगीचं पुस्तक निघालं. दुसरं.
मी टाळ्या वाजवल्या मनापासून,
म्हणजे पहिल्या पाच-सहा मनापासून.
"तुझं कुठवर आलं?"
"चाललंय," म्हणाले, आणि वडा तोंडात कोंबला.
परतताना ऐरोलीच्या पुलावर बस थांबली,
खाली ओहोटी, नुसता चिखल,
त्या चिखलात एक होडी कलती पडलेली.
कुणी तिला ओढत नव्हतं.
मीही उगाच काही अर्थ काढला नाही.

आज गाळ्यात बयाजीनाना नव्या पोरावर खेकसले,
"आढी सारखी उघडून बघू नको रं,
हाताच्या उबेनं आंबा पिकत न्हाय."
मग माझ्या वहीकडे हनुवटी करून,
"बाई, काय लिवताय रोज?"
पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं:
एक बाई आहे, दारात उभी आहे,
आत जावं की परत फिरावं, मलाच कळत नाही.
"कवापास्नं?"
"वर्ष झालं."
नानांनी डोक्यावरची चुंबळ काढली,
चाळीस वर्षांच्या ओझ्यांनी बसका झालेला माथा खाजवला.
"वरीसभर उभी? पाय भरून आलं आसतील तिचं.
बसवा की तिला."

आणि पुढची पेटी उचलून गेले.

रात्रभर झोप नाही.
पहाटे लिहिलं:
कालिंदी पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली.
सहा शब्द. एका वर्षाचे सहा.
घड्याळात चार दहा,
गॅसवर चहा चढत होता,
तेवढ्यात दाराच्या आत कुणीतरी खोकलं.
ते मी लिहिलेलं नव्हतं.

मी गॅस बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.