दोष-नोंद ४११२

डंडीत डिसेंबरात सकाळी आठला अजून उजाडायचंच असतं.
टे नदीवरून धुकं येतं, रस्ता पुसून टाकतं,
आणि मी जुन्या तागाच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
माणसं मारायला बसते.
पगारी. दुपारी अर्धा तास सुट्टी.

खेळ कॉमिकचा आहे.
पान उलटतं तशी गल्ली उघडते.
चौकटीच्या काठाला धरून रूक मॅलरी
पुढच्या चौकटीत उडी टाकतो
आणि मधली पांढरी पट्टी ओलांडताना
क्षणभर त्याला सावली नसते.
हे ज्याला सुचलं त्याला मी माझा डबा दिला असता.
दिलाही. कॅलम त्याचं नाव.
थालीपीठ त्याने जॅम लावून खाल्लं.

गोळी सुटली की अक्षरं उमटतात,
ढोबळ, पिवळी, भिंतीएवढी,
आणि खाली पडून तिथेच राहतात.
त्यांच्याआड लपता येतं.
आपणच केलेल्या आवाजाच्या आडोशाला बसून
पुन्हा बंदूक भरायची:
इतकं खरं या खेळात दुसरं काही नाही.
आणि शाई. पाऊस लागला की काळा रंग ओघळून
कोपऱ्यात साचतो,
बूट पडला की पचक्.

आता बाकीचं.
चौथ्या प्रकरणानंतर खेळाला काही सुचेनासं होतं.
तोच धक्का, त्याच पेट्या, तेच तीन गुंड
एका आईच्या पोटचे असावेत तसे,
मरतानाचं वाक्यसुद्धा वाटून घेतलेलं.
मॅलरीला विनोद येतात अकरा. मी मोजलेत.
खलनायक म्हणजे नुसती लांबलचक लाल रेघ,
वीस मिनिटं खरवडत बसायची.
बाई एकच, खिडकीत,
आणि ती खिडकी उघडत नाही.

तुमच्यात बंदूक कशी वाजते, कॅलमने विचारलं.
मी म्हटलं, ठो.
आणि माणूस पडला की?
धप्प.
आणि मग?
मग, म्हटलं, आमच्यात दार लागतं धाडकन,
दूध उतू जातं फस्सकन,
डोळ्यांत पाणी येतं टचकन,
सगळ्याला आवाज आहे बाबा, तयार, घडी घातलेला.
पण धप्पनंतरचा काही मला आठवेना.
त्याने घड्याळ पाहिलं.

गुरुवारी धक्क्यावर
एक पहारेकरी पाडला. नियमाप्रमाणे चार सेकंदांत
तो विरघळला.
त्याचा बोलण्याचा फुगा मात्र राहिला.
रिकामा. शेपूट खाली वळलेलं,
जिथे आता कुणी नव्हतं त्या फरशीकडे.
मी लांब जाऊन परत आले. होताच.
गोळी झाडली, आरपार गेली.
दुसरा पाडला, दुसरा फुगा.
तासाभरात सगळ्या धक्क्यावर
वाळत घातलेल्या अभ्र्यांसारखे फुगे,
आणि मॅलरीला त्यांच्यातून वाट काढावी लागेना का,
तो वाकून चालायला लागला.
तशी हालचाल त्याला कुणी शिकवली नव्हती.

मी चाळीस मिनिटं काहीच मारलं नाही.
मग नोंद केली, कारण नोंद करायचे पैसे मिळतात.
कृती: गोळी झाडा. थांबा.
अपेक्षित: काहीही उरू नये.
प्रत्यक्षात: उरतं.
गांभीर्य: किरकोळ.
शेवटी एक ओळ लिहिली, असू द्यावं का, विचार व्हावा.
ती खोडली.
पुन्हा लिहिली, जरा बारीक.

सोमवारी कॅलमचा निरोप: दुरुस्त केलंय, तपास.
तपासलं. बेचाळीस पाडले.
धक्का स्वच्छ, नुकता धुतल्यासारखा.
मॅलरीने सहावा विनोद केला.

नोंद बंद करायचं बटण हिरवं असतं.
काय अडलं, कॅलम खुर्ची सरकवून म्हणाला.
मी तोंड उघडलं.
खिडकीबाहेर धुक्याने
पूल अर्ध्यापर्यंत खाल्ला होता
आणि एक गाडी, दिवे लावून,
उरलेल्या अर्ध्यावर निघाली होती.