कानाला सळई

तांबट आळीतले हातोडे एकदम थांबले
की परक्याला बरं वाटतं.
वडक्यांच्या दामूला भीती वाटायची.
वडील बंब घडवत, पाणी भरून कडेला कान लावत,
म्हणत, इथं पाझरेल.
तीन वर्षांनी पाझरायचा. तिथंच.

तो दामू बोटीवर गेला.
आळी हसली : नाशकात बोट धुणार कुठं, रामकुंडात?

नवं आरमार म्हणजे, कमांडर वडके मला सांगत,
विलायतेहून आलेली जुनी बोट.
तिच्या इंग्रजी नावावर रंगाचे चार हात दिले,
तरी तिरप्या उन्हात अक्षरं वर यायची.
साहेब गेले, जाताना पुस्तक ठेवून गेले.
पुस्तकात प्रत्येक बिघाडाखाली एकच शब्द : बदला.
बदलायला होतं काय?
सुटा भाग मागवला तर अकरा महिने,
आणि बाराव्या महिन्यात भलताच यायचा.

पोरबंदरच्या पुढे, रात्री दोनला,
बॉयलरला पाणी नेणारी तांब्याची नळी फाटली.
बोट लाटांवर आडवी, निम्मी माणसं ओकतायत.
वडक्यांनी भटारखान्यातला हंडा कापला,
ठोकून ठोकून नळीवर बसवला, पितळेचा डाग दिला,
आणि कान लावला.
तीन दिवस डाळ बादलीत शिजली.
बोट स्वतःच्या पायांनी घरी आली.

मग त्यांना पोरं शिकवायला दिली,
मलबारची, कोकणातली, पंजाबातली,
चौघांत भाषा एक नाही.
प्रत्येकाच्या हाती एक सळई.
एक टोक नळीवर, एक कानाशी.
ऐका. काय ऐकू येतं ते
आपापल्या बोलीत सांगा.
कुणी म्हणालं, आई तांदूळ पाखडतेय.
कुणी म्हणालं, म्हातारा झोपलाय, पण नीट नाही.
वडक्यांनी हे सगळं वहीत उतरवलं.
वरून शेरा आला : भाषा तांत्रिक नाही.

आणि एकदा त्यांनी लिहून दिलं :
ही बोट निघण्यालायक नाही.
धक्क्यावर मंडप पडला होता,
पाहुणे दिल्लीहून निघाले होते.
बोट चार दिवसांनी निघाली.
कॅप्टनच्या बढतीचा कागद निघालाच नाही.

एकाहत्तरला ते गोदीत होते.
लढाईत काय पाहिलंत, विचारलं तर म्हणायचे,
परत आलेल्यांच्या नळ्या.

मला भेटले ते त्यानंतरचे वडके.
सातपूरला माझी लेथची शेड,
रोज आठच्या ठोक्याला त्यांची स्कूटर,
आधी घड्याळाकडे बघायचे, मग माझ्याकडे.
माझ्या बेअरिंगांना सळई लावून सांगायचे,
हे दिवाळी बघणार नाही.
मी चिडायचो. दसऱ्यानंतर नवं आणायचो.

मागच्या पौषात भंगारात गोणीभर तांबं आलं.
मोडलेल्या बोटीचं, आणणारा म्हणाला.
म्हणतात काहीही, भाव चढवायला.
पण एका नळीवर डाग होता.
मी ती त्यांच्यासमोर ठेवली.
खरं सांगतो, वाटलं, म्हातारा रडणार.

चष्मा कपाळावर सारून
त्यांनी डागाच्या कडेनं अंगठा फिरवला.
माझा नाही, म्हणाले.
माझे ठोके डावीकडे कलतात.

लेथ चालू होता, मी बंद केला.
ते नळी उन्हाकडे धरून आत बघत राहिले.

काठ नखाएवढा राखलाय, म्हणाले.
हे पुस्तकात नाही.
हे आमच्या आळीत राखतात.
आळीतलं दुसरं कुणीच कधी
बोटीवर गेलं नव्हतं.

मग वजन करायला लावलं,
बाजारभावानं पैसे मोजले, सुट्ट्यासकट,
आणि पावती मागितली.
पावतीवर काय लिहू, मी विचारलं.
लिही, म्हणाले, जुनं तांबं.
आणि थोडं थांबून :
चालू स्थितीत.