झुलाल कोळ्याच्या अंगठ्यातून

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
मागच्या खोलीला लॅब म्हणायचं,
दारावर तसं लिहिलंय म्हणून.
अकराला लाईट गेली.
मी सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवला,
निंबामागचं ऊन आत घेतलं.

निमगव्हाणचा झुलाल कोळी स्टुलावर,
अंगठा वर धरून, जसा काही आत्ताच मत देऊन आला.
शिंगाळ्याचा काटा. पाच दिवस झाले.
हळद लावून झाली, चुना, वर तंबाखूसुद्धा.
डॉक्टरांनी नुसतं टोक लावलं
आणि पू आला, दाट, हिरवट.
त्यातला थेंब माझ्या काचेवर.

जांभळा रंग. पाणी. आयोडीन. पाणी.
स्पिरिट, जरा घाईनं.
शेवटी गुलाबी.

"काय दिखस व ताई?"

दिसतात.
दादरच्या कणसातून झडल्यासारखे
जांभळे दाणे, झुबक्याझुबक्यानं.
आणि त्यांच्याभोवती, झुलालभाऊ, तुझ्याच
पांढऱ्या पेशी, माझ्या रंगानं गुलाबी झालेल्या.

कशा आल्या ते त्याला सांगत नाही,
तेवढे शब्द नाहीत माझ्यापाशी.
रक्ताच्या धारेत चालल्या होत्या आपल्या वाटेनं.
काट्यापाशी काठाला अंग घासलं,
घरंगळल्या, थबकल्या,
मग सुईच्या नेढ्यातून जावं तसं अंग बारीक करून
भिंतीच्या फटीतून पलीकडे.
हाक कुणी मारली नव्हती.
वास होता:
फुटलेल्या आपल्यांचा, आणि परक्याच्या सालीचा.

तोंड नाही त्यांना. अंगानंच गिळतात.
कड पसरते, दाण्याभोवती मिटते,
आत एक पिशवी होते,
आणि पिशवीत उतरतं ते
पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ना,
ब्लिचिंग,
त्याच घराण्यातलं पाणी.
ते बनवणाऱ्या द्रव्याचाच रंग हिरवा.
म्हणून पू हिरवट.
नाक मुरडू नकोस, झुलालभाऊ,
हत्यार सांडलंय ते.

पण दाणे जास्त असतात. पेशी भरते.
मग एखादी वेगळंच काही करते
(माझ्या काचेवर हे दिसत नाही,
ट्रेनिंगच्या पुस्तकात होतं,
पान अजून दुमडलेलं आहे):
पोटातली गाठ सोडते.
जिच्यात सगळं लिहिलेलं,
आईकडचं नाक, बापाकडची उंची,
तो दोरा उसवून बाहेर फेकते.
अडकतात जंतू. दोऱ्याला विष माखलेलं.
फेकणारी बहुतेक वेळा उरत नाही.

एवढं मात्र मी बोलून गेले. जाळं म्हणाले.
त्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं,
नवा पाहुणा बघावा तसं.
"आस कितला बोटंना?"
बोटात मोजता येणार नाही, भाऊ, इतका बारीक.
"मंग सांधतस कसं?"
सांधत नाहीत.
तो गप्प झाला.
न सांधायचं जाळं कोळ्याला पटत नाही.

मग म्हणाला, मलाही पाहू दे.
डोळा लावला, श्वास धरला, बराच वेळ.
"केस दिखस."
पापणी होती त्याचीच. सगळ्यांना आधी तीच दिसते.

आता मागून मोठ्या पेशी येतील, सावकाश,
सारंगखेड्याची यात्रा उठल्यावर
मैदान झाडायला येतात तशा.
मेलेल्या उचलतील, दोरे उचलतील.
एखादा जंतू मात्र गिळला जाऊनही
पिशवीत तग धरून बसतो,
म्हणून मी कागदावर लिहिते:
पू-पेशी भरपूर. जंतू झुबक्यांत.
आणि डॉक्टर गोळ्या लिहितात.

आठ दिवस हात पाण्यात घालू नको, म्हटलं.
हो म्हणाला,
तापीकाठचा माणूस म्हणेल तसं.

काच मी कोपऱ्यातल्या बादलीत सोडली.
बादलीत तेच, विहिरीतलं, पिशवीतलं.
नाकाला झोंबलं.
लाईट आली. दारात कुणीतरी खोकलं.