धडा

रात्रपाळीत ट्रक कमी येतात.
दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, जालन्याच्या एमआयडीसीत,
वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून
मी अ‍ॅप बनवतोय.
विकायला नाही. घरच्यापुरतं.
आम्ही तिघं आणि दीड शेळी.

दीड शेळीचं सांगतो.
मेव्हण्याकडं, अंबड तालुक्यात, तीन शेळ्या अर्धलीनं आहेत.
तिनाच्या निम्मे दीड.
अ‍ॅप म्हणालं, पूर्णांक भरा.
अर्धली म्हणजे काय हे त्याला शिकवण्यात
दोन रात्री गेल्या आणि पावशेर फुटाणे.
मग एक शेळी व्याली, जुळी करडं झाली,
आणि आलेख असा काही उसळला
की पीएफ, आरडी, पोरीचं पोस्टातलं खातं
सगळे त्याच्या खुरांपाशी आडवे.

पीएफ पहिल्यांदा भरला तेव्हा
मी एका रुपयाचा धनी निघालो.
एक लाख शहाऐंशी हजार. देवणीकर सरांनी शिकवलं तसं
जागच्या जागी स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं,
आणि यंत्र पहिल्या स्वल्पविरामापाशीच
वाचायचं थांबलं.
अकरा वर्षांची कपात: रुपया एक.
हसलो.
मग केबिनचं दार लोटून घेतलं
आणि थोडा वेळ हसलो नाही.

काट्यावरचा हिशेब सोपा.
भरली गाडी वजा रिकामी गाडी.
भंगार आत येतं, सळई बाहेर जाते.
आमचे वडील दुकानात तेल द्यायचे तेव्हा
आधी गिऱ्हाइकाच्या रिकाम्या किटलीचा धडा करायचे,
दुसऱ्या पारड्यात खडे टाकून, न बोलता.
मलाही तेच करायचं होतं.
भाडं, रिक्षा, फी, थायरॉइडच्या गोळ्या
ह्या सगळ्याचा धडा करून
आमचं तेल किती ते बघायचं होतं.

अडलं ते पतसंस्थेपाशी.
ऐंशी हजारांची ठेव.
मुदत संपून तीन वर्षं झाली, शटर खाली,
शटरवर आता नीटच्या क्लासची जाहिरात.
मी दोनच पर्याय ठेवले होते, चालू आणि बंद.
चालू म्हणता येईना.
बंद म्हणावं तर पैसे हातात आलेले नाहीत.
शून्य लिहिलं.

सकाळी जयमालानं डबा घासायला घेता घेता
स्क्रीन पाहिली.
तिच्या पिको-फॉलचे पैसे ते. पावती अजून
गॅसच्या पुस्तकात, प्लॅस्टिकमध्ये.
"शून्य कामून?"
म्हटलं, बेरजेत खोटा आकडा नको.
"बेरजेत नको धरू. पण पुसू बी नको.
दिसू दे तिथं."

मग तिसरा पर्याय केला: येणे.
रंग राखाडी.
बेरीज त्याला ओलांडून पुढं जाते
पण ओळ राहते, तारखेसकट,
आणि अ‍ॅप उघडलं की तिथं एक बाई
रात्री अकराला साडी मांडीवर घेऊन
दोरा ओवताना दिसते.
हे मी कोडमध्ये लिहिलेलं नाही.

पहाटे चारला हॉर्न वाजला. रायपूरचं भंगार.
ड्रायव्हर वरूनच म्हणाला, पेंगत,
"साहेब, माझं असं कितीसं वजन?"
"साठ-पासष्ट. उतर."
उतरला, चप्पल गाडीतच विसरून.
आकडे थरथरले, थांबले.
मी लिहून घेतले,
स्वल्पविराम न देता.