रफार शिकवायच्या आधी

निवतीच्या अंगणवाडीत तक्ता आहे.
म च्या चौकोनात मासा :
निळा, हसरा, डोळ्यांना पापण्या.
मी पट्टी टेकवली. "हे काय?"
"पेडवो," हर्षाली मेतर म्हणाली.
"खंयचो पेडवो? बांगडो तो," तहुरा उसळली.
मग शेपटीवरून भांडण, तोंडावरून भांडण,
पापण्यांचा मुद्दा कोणी काढलाच नाही.
मी आवाज चढवून म्हणाले, "मासा. म माशाचा."
एकदम शांतता.
वेदू सारंग उठला, तक्ता उचलून
त्याच्यामागची भिंत बघून आला.
"मासो? तो खंय आसा?"

मी आटपाडीची.
आमच्याकडे पाणीसुद्धा टँकरातून यायचं.
माझ्या पिशवीत एकच शब्द, आणि या पाच वर्षांच्यांकडे
मोरी, मुडदुशी, लेप, सौंदाळे, कर्ली,
प्रत्येकीचा काटा निराळा, वास निराळा,
कोणती पाहुण्यांना आणि कोणती मांजराला
तेही पाठ.

ए एडक्याचा मात्र ती नुसती ओरडायची,
घंटेसारखी, आत काही नसलेली.
एडका इथे कोणी पाहिलेला नाही.
म्हणून एका सकाळी मी एडका झाले :
मान खाली, पाय घट्ट रोवून,
खिचडीचा डाव धरून उभ्या शेवंताबाईंना
हलकीशी ढुशी.
त्या दुपारी गावात अकरा एडके सुटले.
शाळेपर्यंत दोन तक्रारी आल्या,
त्यातली एक रांजण फुटल्याची.

गोष्टीच्या पुस्तकात छोटा मासा रडतो.
मोठी अक्षरं, पानाला चार ओळी.
खाली प्रश्न : मासा का रडला?
उत्तर माझ्याकडे छापील आहे :
त्याला आई सापडत नव्हती.
वेदूने पान जवळ ओढलं,
माशाच्या गालावरचा थेंब नखाने खरवडला.
"पाण्यात रडलो तर कोणाक कळतला?"
हर्षाली म्हणाली, "आवशीक कळतला."
"कसा?"
"पाणी जरा जास्त खारट लागतला."

मी नोंदवही उघडली.
आकलन : होय / नाही / मदतीने.
पेन बराच वेळ हवेत राहिलं.
बाहेर सुकती लागली होती,
होड्या एका कुशीवर कलत होत्या.
"मदतीने" वर खूण केली.
कोणाची कोणाला, ते वही विचारत नाही.

बिबेक खडकाचं पान अजून कोरं होतं.
त्याचा बाप नेपाळहून आलेला, ट्रॉलरवर खलाशी.
घरात एक भाषा, वाडीत दुसरी,
आणि फळ्यावर मी तिसरी लिहिते.
जूनपासून त्याने तोंड उघडलं नव्हतं,
खिचडीपुरतं उघडायचा, तेवढंच.
चित्रं दाखवली. ठोकळे दिले.
त्याने ठोकळ्यांची एक लांब रांग केली,
तिचं नाव सांगितलं नाही.

जानेवारीत मुलांना घेऊन बंदरावर गेले.
माशांच्या टोपल्यांशी कल्ला चाललेला,
हर्षाली मलाच शिकवत होती,
आणि बिबेक हात सोडून निघून गेला.
सापडला तो बर्फाच्या टेम्पोपाशी,
लाल रंगाच्या हातभर अक्षरांसमोर.
त्याने ब वर बोट ठेवलं,
मग फ वर, मग टाचा उंचावून
फ च्या डोक्यावरचा तो वाकडा फटकारा.
मी रफार अजून शिकवला नव्हता.
जोडाक्षरं पुढच्या वर्षी, पहिलीला.

"बरफ," तो म्हणाला.

कोणाला उद्देशून नाही.
मग पूर्ण तळवा त्या अक्षरांवर टेकवला
आणि झटकन मागे घेतला.

अकराचं ऊन होतं, पत्रा तापलेला.
मी तेच धरून चालले असते,
पण तो हात काखेत घालून उभा होता,
गारठल्यावर घालतात तसा.